आप्पांच्या फुफ्फुसातले तीन व्हॉल्व्ह

माझे वडील, आप्पा, एसटी डेपोत टायर सेक्शनला होते. वय ६७. बिडी सुटून दहा वर्षं झाली, पण फुफ्फुसाचं व्हायचं ते नुकसान आधीच होऊन गेलं होतं. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे उजव्या बाजूला जोराची चमक आली आणि त्यांना श्वास पुरेना. एक्स-रेमध्ये कळलं की फुफ्फुसावरचा एक फुगा फुटलाय, हवा छातीच्या पोकळीत साठलीय आणि फुफ्फुस चेपलं गेलंय. बरगड्यांमधून नळी घालून ती पाण्याच्या बाटलीला जोडली. इथपर्यंत सगळं वेळेत झालं. मला लिहायचंय ते पुढच्या उपचाराबद्दल, कारण आम्ही धावपळ करत होतो तेव्हा मराठीत हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

नळी घातली की साधारण चार-पाच दिवसांत भोक आपोआप बुजतं आणि बाटलीतले बुडबुडे थांबतात. पाच-सात दिवसांच्या पुढेही हवा येत राहिली तर ती चिवट गळती समजतात. आप्पांचे बुडबुडे सतरा दिवस चालू होते. खोकले की बाटली खदखदायची. संडासला जातानाही आई बाटली हातात धरून मागे, कारण ती कमरेच्या वर न्यायची नाही, आडवी होऊ द्यायची नाही. रात्री खाटेखालून येणारा तो बुडबुड आवाज ऐकत आम्ही दोघी जाग्या असायचो. त्या पहिल्या रुग्णालयात रोज राउंडला एकच उत्तर मिळायचं, "वाट बघू." मधे एकदा नळीतून औषध सोडून फुफ्फुस छातीच्या आवरणाला चिकटवायचा प्रयत्न झाला. पण फुफ्फुस पुरतं फुललेलंच नव्हतं, ते चिकटणार कसं? ऑपरेशन आप्पांना झेपणार नाही, असं भूलतज्ज्ञ म्हणाले. त्यापुढे काही आहे का, हे मात्र कुणी बोललं नाही. आठव्या दिवशी हा विषय निघायला हवा होता, हे माझं ठाम मत आहे.

शेवटी पुण्याला हलवलं. तिथल्या छातीच्या डॉक्टर मॅडमनी केसपेपरच्या पाठीमागे श्वासनलिकेचं उलटं झाड काढलं आणि आप्पांनाच समजावलं, "काका, गळती कुठल्या फांदीतून होतेय ते आधी शोधू. सापडली तर त्या फांदीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह बसवू. तिथली हवा थांबली की फाटलेल्या जागेला भरून यायला उसंत मिळेल."

शोधायची पद्धत मला या सगळ्या उपचाराचा गाभा वाटते. गुंगी देऊन दुर्बीण श्वासनलिकेत उतरवतात. तिच्यातून बारीक फुगा नेऊन एकेक फांदी थोडा वेळ बंद करतात, आणि त्याच वेळी एक सिस्टर फक्त बाटलीकडे बघत उभी असते. आप्पांच्या उजव्या वरच्या भागाची वाट बंद केल्यावर बुडबुडे विरळ झाले आणि मग थांबले. फुगा सोडला, पुन्हा सुरू. खात्रीसाठी मॅडमनी हे परत एकदा करून बघितलं. संध्याकाळी आप्पांना मी हे सांगितलं तर लगेच म्हणाले, "अगं, टपात ट्यूब बुडवून पंक्चर बघतात तसंच की हे!" आजारपणात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा ऐकला.

व्हॉल्व्हचा नमुना आम्हाला आदल्या दिवशीच हातात दिला होता. शेंगदाण्याएवढा. निकेल-टायटॅनियमच्या तारांची जाळी, आत सिलिकॉनचा पडदा. दाबून नळीत भरतात, जागेवर सोडला की उमलून भिंतीला घट्ट बसतो. श्वास सोडताना आतली हवा आणि कफ बाहेर येतो, श्वास घेताना तो मिटतो. आप्पांनी तो चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी न्याहाळला आणि म्हणाले, सायकलचा व्हॉल्व्ह हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही, हा त्याच्या बरोबर उलटा. त्यांना पटलं, आणि मग त्यांनी सही केली.

वरच्या भागाच्या तीन फांद्या, म्हणून तीन व्हॉल्व्ह बसले. त्याच रात्री बुडबुडे फक्त खोकताना यायला लागले, तिसऱ्या दिवशी सकाळी थांबले. पाचव्या दिवशी एक्स-रे बघून नळी काढली. आठवडाभर खोकला वाढला, दोनदा कफात रक्ताची रेघ दिसली. दोन्हीची कल्पना आधी दिलेली असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही.

हे सगळ्यांना लागू पडत नाही. फुफ्फुसाच्या भागांमधले पडदे अर्धवट असले तर हवा शेजारच्या भागातून वाट काढते आणि व्हॉल्व्हचा उपयोग होत नाही. व्हॉल्व्ह सरकू शकतो, खोकल्याबरोबर बाहेर पडू शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि तेवढा भाग बंद झाल्याने ऑक्सिजन उतरू शकतो. अमेरिकेत 'स्पायरेशन' या व्हॉल्व्हला फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतरच्या गळतीसाठी २००८ मध्ये मर्यादित मंजुरी मिळाली. एम्फिसीमासाठी, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या खराब होण्याच्या आजारासाठी, तो आणि 'झेफर' नावाचा दुसरा व्हॉल्व्ह हे दोन्ही तिथे २०१८ मध्ये मंजूर झाले. आपोआप फुटलेल्या फुफ्फुसासाठी वापरायचा की नाही, हे डॉक्टर रुग्ण बघून ठरवतात.

माझी तक्रार पैशांच्या बोलण्याबद्दल आहे. प्रत्येक व्हॉल्व्हचे पैसे वेगळे आणि ते खूप आहेत. किती लागतील हे दुर्बिणीतून फुगा घालून तपासल्यावरच कळतं, हे मान्य. पण एक लागला तर इतके, चार लागले तर इतके, एवढं बिलिंगवाल्यांनी आदल्या दिवशी सांगायला काय हरकत होती? आम्हाला त्याच सकाळी, स्ट्रेचर न्यायच्या वेळी कळलं. भावाला कॉरिडॉरमध्ये उभ्यानं चार जणांना फोन करावे लागले. विमा असेल तर आधी लेखी मंजुरी घ्या. आमच्या विमा कंपनीनं व्हॉल्व्हची रक्कम कापली आणि आमचा अर्ज अजून पडून आहे.

गळतीसाठी बसवलेले व्हॉल्व्ह साधारण सहा आठवड्यांनी काढतात. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख मॅडमनी स्वतः लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. काढायला पुन्हा दुर्बीण, पण अर्ध्या दिवसात घरी. तिन्ही व्हॉल्व्ह एका छोट्या डबीत घालून आम्हाला दाखवले, कफानं माखलेले, पण पडदे शाबूत. आप्पांनी मोजले, "तीन. बरोबर." मग आईला म्हणाले, चल, पाच वाजताची गाडी मिळेल. स्टँडवर बॅग त्यांनीच उचलली होती, मी काढून घेतली.