आठ महिने एकच बिल्ड : रायचस फायर जगरनॉट वापरून झाल्यावर

आठ महिने झाले, मधे दोन लीग (सगळे शून्यापासून परत सुरू करतात तो काही महिन्यांचा हंगाम) येऊन गेल्या, आणि मी पाथ ऑफ एक्झाइल या व्हिडिओ गेममध्ये (पहिला भाग, दुसरा नाही) तोच मॅराउडर (कॅरेक्टरचा प्रकार), तीच जगरनॉट असेंडन्सी (त्या कॅरेक्टरची पुढची खास शाखा) आणि तीच रायचस फायर ही स्किल घेऊन बसलेय. पहिल्या लीगला शून्यापासून ९४ लेव्हलपर्यंत गेले, दुसऱ्या लीगला परत नवीन कॅरेक्टर काढलं तेच, कारण पहिल्या वेळी गिअरवर (अंगावरच्या वस्तूंवर) एवढी करन्सी (गेममधला पैसा) चुकीच्या ठिकाणी घातली होती की मला ते एकदा नीट करून बघायचंच होतं. तर हा अनुभव दुसऱ्या वेळी काय वेगळं केलं त्याचा आहे मुख्यतः.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रायचस फायर म्हणजे तुमच्या अंगाभोवती सतत आगीचं वर्तुळ जळत राहतं, त्यात येणारे सगळे मॉब्स (शत्रू) भाजतात, आणि तुम्ही पण भाजता. बटण दाबत बसायचं नाही, नुसतं चालत सुटायचं. पण स्वतःला लागणारी आग काही साधी नाही, दर सेकंदाला तुमच्या कमाल लाइफच्या ९० टक्के आणि एनर्जी शील्डच्या (लाइफवरचं जादा कवच) ७० टक्के एवढं फायर डॅमेज. म्हणजे काहीच संरक्षण नसेल तर सेकंदाभरात तळाला. यातून वाचवतात मुख्यतः दोन गोष्टी, फायर रेझिस्ट (किती टक्के आग अडते ते) आणि लाइफ रिजेन (लाइफ आपोआप भरत राहणं). अख्खं बिल्ड (कॅरेक्टर, स्किल आणि गिअरची मांडणी) या दोघांच्या हिशोबावर उभं आहे आणि मला हे कळायला चार महिने लागले.

हिशोब असा बघा. समजा लाइफ ५०००. त्याचे ९० टक्के म्हणजे सेकंदाला ४५०० ची आग. फायर रेझिस्ट ७५ वर असेल (जी सगळ्यांची नेहमीची मर्यादा असते) तर त्यातलं ११२५ लागतं. कमाल रेझिस्ट ८० केलं की ९००. ८५ केलं की ६७५. ९० केलं, ज्याच्या वर गेमच जाऊ देत नाही, की ४५०. आता नीट बघा, ७५ वरून ८० ला गेलं तर आग पाचव्या हिश्शाने कमी होते, पण ८५ वरून ९० ला गेलं तर तिसऱ्या हिश्शाने कमी होते. दोन्हीकडे पाचच टक्के वाढवले पण शेवटचे पाच जास्त कामाचे. आणि हे फक्त स्वतःच्या आगीपुरतं नाही बरं का, बॉसची आग, जमिनीवरची आग, सगळ्या फायर डॅमेजला तेच लागू. पहिल्या लीगला मी ७९ वर समाधानी होते आणि उरलेली करन्सी डॅमेजवर घालत होते. दुसऱ्या लीगला आधी ८५ गाठलं, मग बाकी सगळं, आणि गेम खेळायचा अनुभवच बदलला, जिथे पूर्वी थांबून फ्लास्क (औषधाची बाटली) मारायला लागायचा तिथे आता नुसती उभी राहते.

कमाल रेझिस्ट कुठून येतं, तर पॅसिव्ह ट्रीवरचे (पॉइंट खर्चून घ्यायच्या कायमच्या फायद्यांचा नकाशा) नोड, प्युरिटी ऑफ फायर ऑरा, आणि राइज ऑफ द फिनिक्स सारखी ढाल. ऑरा मॅनाचा (स्किल वापरायला लागणाऱ्या ऊर्जेचा) मोठा वाटा अडवून ठेवतो म्हणून मी पहिल्या लीगला तो घेतलाच नव्हता, त्या जागी डॅमेज वाढवणारं काहीतरी लावलं होतं. ती माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. नाही, दुसऱ्या नंबरची. पहिली चूक सेप्टरची (हातातलं शस्त्र).

सेप्टरचं सांगते सविस्तर कारण अजून लोक हेच करताना दिसतात. मी एक सेप्टर घेतला, भरपूर स्पेल डॅमेज, कास्ट स्पीड, वर क्रिटिकल चान्स (फटका अचानक जास्त जोरात बसण्याची शक्यता). दिसायला असला जबरदस्त की विकणाऱ्याने मागितली तेवढी करन्सी दिली, जमवायला आठवडा लागला होता. लावला आणि मॅपमध्ये (कथा संपल्यावर खेळायचे इलाखे) काहीच फरक नाही. दोन दिवस मला वाटत होतं की मॅपच अवघड निघताहेत. मग शेवटी जेमचं (स्किल देणारा खडा) वर्णन पूर्ण वाचलं, त्यात सरळ लिहिलेलं असतं की स्पेल डॅमेजचे मॉडिफायर या स्किलच्या ओव्हर टाइम डॅमेजला लागू होत नाहीत. क्रिटिकल पण नाही कारण ही आग म्हणजे हिट (एकेक फटका) नाही, ती सतत जळते, तिला क्रिट होतच नाही. कास्ट स्पीडचा तर प्रश्नच नाही, एकदा चालू केली की चालूच. म्हणजे त्या सेप्टरवरच्या तीनही भारी ओळी या बिल्डला शून्य. ज्या ओळी लागतात त्या म्हणजे फायर डॅमेज, बर्निंग डॅमेज, एरिया डॅमेज, आणि सगळ्यात वरती डॅमेज ओव्हर टाइम मल्टिप्लायर. दुसऱ्या लीगला मी दिसायला साधाच सेप्टर घेतला, बऱ्यापैकी फायर मल्टिप्लायर आणि थोडं फायर डॅमेज, अगदी स्वस्तात, आणि तो त्या महागड्यापेक्षा कितीतरी पुढे होता.

मल्टिप्लायर एवढा का चालतो तर वस्तूंवरच्या इन्क्रीज्ड आणि मोअर या दोन शब्दांमधला फरक. इन्क्रीज्ड सगळे एकमेकांत मिळवले जातात. ट्री वगैरे धरून तुमचं ३०० टक्के इन्क्रीज्ड झालं असेल, म्हणजे मूळच्या चौपट, आणि तुम्ही अजून ४० टक्केवाली वस्तू घातली तर ४०० चं ४४० झालं, म्हणजे खरी वाढ १० टक्के. मोअर मात्र वेगळा गुणला जातो, ३० टक्के मोअर म्हणजे खरंच ३० टक्के. ओव्हर टाइम मल्टिप्लायर आपापसात मिळवले जातात पण इन्क्रीज्डच्या ढिगाऱ्यात जात नाहीत, त्यांचा वेगळा गुणाकार होतो, म्हणून छोटा आकडा दिसला तरी तो घ्या.

आणि अजून एक, जे मला या बिल्डमध्ये मनापासून आवडतं, तुमचं कमाल लाइफ जेवढं जास्त तेवढी तुमच्या वर्तुळाची मॉब्सना लागणारी आग पण जास्त. म्हणजे हेल्मेटवरची लाइफची ओळ संरक्षण पण आहे आणि डॅमेज पण. दुसऱ्या किती बिल्डमध्ये हे होतं सांगा. तिथे दर वस्तूला जगायचं की मारायचं हे निवडायला लागतं, इथे एकाच ओळीत दोन्ही.

लिंकबद्दल (स्किलच्या जेमला जोडायचे मदतीचे सपोर्ट जेम) थोडक्यात. बर्निंग डॅमेज सपोर्ट पाहिजेच. एलिमेंटल फोकस पण, त्याची अट अशी की इग्नाइट (शत्रू पेटणं) वगैरे लावता येत नाही पण रायचस फायर इग्नाइट लावतच नाही, त्यामुळे आपल्याला ती अट फुकट पडते. कॉन्सन्ट्रेटेड इफेक्ट आणि इन्क्रीज्ड एरिया हे दोन्ही जेम जवळ ठेवा, मॅप साफ करताना मोठं वर्तुळ आणि बॉसला छोटं पण कडक. एकट्या बॉसला नुसतं वर्तुळ पुरत नाही, फायर ट्रॅप लागतोच, आणि फ्लॅमेबिलिटी कर्स (शत्रूचं फायर रेझिस्ट कमी करणारा शाप). इथे खरं सांगायचं तर बिल्डची मर्यादा आहे, बॉस मारायला वेळ लागतो, दुसऱ्यांचं बघून तुलना केली तर वाईट वाटतं. मला चालतं कारण मी मरत नाही.

आता गिअरची खरी कसरत. रेअर वस्तूवर तीन प्रीफिक्स आणि तीन सफिक्स (वस्तूवरच्या फायद्याच्या ओळींचे दोन गट). लाइफ प्रीफिक्समध्ये, रेझिस्ट सफिक्समध्ये, लाइफ रिजेन पण सफिक्समध्ये, स्ट्रेंग्थ वगैरे पण सफिक्समध्ये. म्हणजे सगळी मारामारी सफिक्सची. पाचव्या आणि दहाव्या अॅक्टनंतर (कथेचे अंक) प्रत्येकी ३० असं मिळून ६० रेझिस्ट कापलं जातं, म्हणजे ७५ दिसायला खरं १३५ पाहिजे, तीन एलिमेंटचं (आग, थंडी, वीज) मिळून ४०५. सगळ्यात वरच्या टिअरचा (दर्जाचा) रोल (ओळीवर पडणारा आकडा) ४८ पर्यंत जातो, ते प्रत्येक ठिकाणी मिळाले असं धरलं (जे मिळत नाहीत) तरी ९ सफिक्स नुसत्या रेझिस्टला गेल्या. त्यात केऑसचं (विषासारख्या डॅमेजचा प्रकार) वेगळंच, त्यालाही ६० ची कपात आहेच. उणे ६० वर असाल तर शंभरचा केऑस फटका १६० लागतो, शून्यावर आणलं की १००, ७५ वर २५. मी पहिल्या लीगला उणे ४० वर ९० लेव्हल पार केली आणि विषवाल्या मॉब्सकडून का मरतेय ते कळत नव्हतं.

माझी आता पद्धत अशी की वस्तू घेताना आधी बघते हिची एखादी जागा रिकामी आहे का, क्राफ्टिंग बेंचवर हवी ती एक ओळ टाकता येते, त्यामुळे दोन चांगल्या सफिक्स आणि एक मोकळी असलेली अंगठी तीन अर्धवट सफिक्सवाल्या अंगठीपेक्षा मला कधीही जास्त प्रिय. हार्वेस्टमध्ये (वस्तूवरच्या ओळी बदलायची गेममधली एक सोय) एका एलिमेंटचं रेझिस्ट दुसऱ्यात बदलता येतं ते पण लक्षात ठेवा, बूट आवडले पण त्यावर कोल्ड आहे आणि तुम्हाला लायटनिंग हवंय म्हणून सोडून देऊ नका. आणि एकावेळी एकच वस्तू बदला. मी एकदा एका रात्रीत अंगठी, बेल्ट, ग्लोव्ह्ज सगळं बदललं आणि सकाळी कोल्ड रेझिस्ट ६१ वर, कुठल्या वस्तूने गेलं ते शोधायला अर्धा दिवस.

आर्मरबद्दल एक गैरसमज होता माझा. जगरनॉट आहे, आर्मर भरपूर, तर मोठे फटके अडवेल असं वाटायचं. उलटं आहे. आर्मर भागिले (आर्मर अधिक फटक्याच्या पाचपट), असं सूत्र. १०,००० आर्मरवर १००० चा फटका आला तर दोन तृतीयांश अडतो, पण ५००० चा आला तर जेमतेम २८ टक्के. म्हणजे छोट्या छोट्या माऱ्याला आर्मर उत्तम, बॉसच्या एका मोठ्या घावाला नाही. तिथे एन्ड्युरन्स चार्ज (लढताना साठणारे तात्पुरते फायदे) कामाला येतात, प्रत्येक चार्जला ४ टक्के फिजिकल डॅमेज कमी, फटका कितीही मोठा असो. जगरनॉट निवडायचं माझं मुख्य कारण हेच चार्ज, आणि दुसरं म्हणजे चिल (थंडीने मंदावणं) वगैरे झालं तरी त्याचा वेग मूळच्या खाली जात नाही. या बिल्डला चालणं हाच हल्ला आहे, चालणं मंदावलं की सगळंच मंदावतं. चीफटेन आणि इन्क्विझिटर या असेंडन्सींनी पण लोक हेच बिल्ड करतात, चांगलं करतात, मला जगरनॉटचं हे घट्ट चालणं सोडवत नाही.

पाथ ऑफ बिल्डिंग (बिल्डचे आकडे मांडून बघायचा प्रोग्रॅम) वापरा, फुकट आहे. पण दुसऱ्याचं बिल्ड उघडलं की आधी कॉन्फिगच्या पानावर जा. मी पहिल्या लीगला ज्याची नक्कल केली त्या गाइडमध्ये आकडा भला मोठा दिसत होता, आणि ते पान उघडून बघितलं तेव्हा कळलं की शत्रू बॉस नाही असं धरलंय, सगळे चार्ज, सगळे फ्लास्क चालू, प्रत्येक खूण लावलेली. बॉस निवडला तर आकडा एकदम खाली. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेलच असं नाही, पण ते बघून मी जो खर्च केला तो माझा गेला. मी आता डॅमेजचा आकडा बघतच नाही आधी, मी बघते रिजेनमधून स्वतःची आग वजा करून सेकंदाला किती लाइफ उरतं. याला मी उरता रिजेन म्हणते. दर वस्तू त्यात घालून बघते, उरता रिजेन खाली जात असेल तर डॅमेज कितीही वाढत असो, नाही घेत. हा एक आकडा धरला आणि सगळी खरेदी सोपी झाली.

मॅपचं एक राहिलंच, आणि हे प्लीज लक्ष देऊन वाचा. लाइफ रिजनरेट होत नाही असा मॅप असेल तर तो या बिल्डला बंद, प्रयत्न पण करू नका. रिकव्हरी रेट कमी करणारा पण जवळपास तसाच. आणि सगळ्यात फसवा म्हणजे कमाल रेझिस्ट कमी करणारा, कारण तो वाचताना साधा वाटतो. ९३ लेव्हलला होते, पुढच्या लेव्हलचा एक्सपीचा (अनुभवाच्या गुणांचा) बार ८० टक्क्यांच्या पुढे, घाईत मॅप न वाचता उघडला, कमाल रेझिस्ट १० ने कमी. माझं ८५ चं ७५ झालं, म्हणजे स्वतःची आग सेकंदाला लाइफच्या साडेतेरा टक्क्यांवरून साडेबावीस टक्क्यांवर, उरता रिजेन उणे. कोणी हात लावायच्या आधीच लाइफ सरसर खाली येत होतं आणि मग पहिल्याच घोळक्यातला एक फटका पुरला. १० टक्के एक्सपी गेला, त्या लेव्हलला ते भरून काढायला कित्येक मॅप लागतात, मी खूप वैतागले होते, दोन दिवस गेम उघडला नाही. आता स्टॅशच्या (वस्तू ठेवायच्या पेटीच्या) सर्चमध्ये या तीन ओळींचे शब्द टाकून ठेवते, जे मॅप उजळतात ते बाजूला.

नवीन सुरू करणाऱ्यांसाठी, जेम १६ लेव्हलला वापरता येतं पण लगेच चालू करू नका, तेवढा रिजेन नसतो. होली फ्लेम टोटेम आणि फायर ट्रॅप या दुसऱ्या स्किल्सवर अॅक्ट काढा, फायर रेझिस्ट ७५ आणि सेकंदाला लाइफच्या २२.५ टक्क्यांच्या वर रिजेन जमला की मगच बदला. एनर्जी शील्ड असलेले कपडे मोफत मिळाले म्हणून घालू नका, त्याचे ७० टक्के पण आगीत मोजले जातात. रूबी फ्लास्क कायम पट्ट्यात ठेवा, तो आग कमी करतो, सुरुवातीला त्याच्याच जिवावर निभावतं.

सध्या माझं कमाल फायर रेझिस्ट ८८ झालंय. उरलेले दोन टक्के बसवायचे तर ट्रीवर चार पॉइंट जातात आणि ते लाइफच्या नोडमधून काढायला लागतात, पाथ ऑफ बिल्डिंगमध्ये तीन वेळा मांडून बघितलं, उरता रिजेन वाढतो पण लाइफ २५० ने कमी होतं आणि त्याबरोबर वर्तुळाची आग पण. गळ्यातल्या हारावर लाइफचा चांगला रोल मिळाला तर करेन. तीन दिवस झाले तसा हार शोधतेय.