दादरमधील दू फू व्याख्यानमाला: एक अभिप्राय

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका छोट्या सभागृहात, आठव्या शतकातील चिनी कवी दू फू याचे आयुष्य आणि काव्य या विषयावर मराठीतून झालेली सशुल्क व्याख्यानमाला नुकतीच संपली. ती पुन्हा होणार असल्याचे शेवटच्या दिवशी जाहीर झाले, म्हणून नाव नोंदवू इच्छिणाऱ्यांसाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

चरित्राचा भाग या मालेत सर्वांत सरस झाला. दू फूचा जन्म ७१२ मधला. आजोबा दू शेनयान नावाजलेले कवी, घराणे शिकलेले, तरीही सरकारी सेवेत जाण्याची परीक्षा त्याला साधली नाही. ७४७ मध्ये तो पुन्हा बसला, तेव्हा प्रधान ली लिनफूने एकजात सगळ्या उमेदवारांना नापास केले. हा प्रसंग वक्त्यांनी रडवा न करता, तेव्हाच्या तांग राजघराण्याचा राज्यकारभार आतून कसा पोखरला जात होता हे दाखवण्यासाठी वापरला. ली बाय या ज्येष्ठ कवीशी ७४४ मध्ये झालेल्या भेटीवर मात्र त्यांनी फार वेळ घालवला नाही, आणि ते बरेच झाले. या दोघांची मैत्री रंगवून सांगण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

७५५ च्या अखेरीस आन लुशान या तांग सेनापतीचे बंड उसळले. त्याच सुमारास दू फू राजधानी चांगआनहून कुटुंबाकडे पोहोचला, तर त्याचा तान्हा मुलगा उपासमारीने दगावला होता. ज्या दीर्घ कवितेत हे येते तिच्यातच, श्रीमंतांच्या तांबड्या दारांआड मद्य-मांस नासते आहे आणि रस्त्यावर गारठून मेलेल्यांची हाडे पडली आहेत, अशी ती प्रसिद्ध ओळ आहे. पण वक्त्यांनी लक्ष वेधले ते तिच्या शेवटाकडे: आपल्याला कर भरावा लागत नाही, लष्करभरतीही चुकली आहे, तरी ही अवस्था, मग ज्यांची जमीन गेली आणि जे दूरच्या सरहद्दीवर आहेत त्यांचे काय होत असेल, असे तो पुत्रशोकातच विचारतो. दू फूचा मोठेपणा इथे आहे, आणि तो नेमका इथेच दाखवला गेला.

हेच सूत्र चेंगदू शहरातल्या त्याच्या झोपडीवरील ७६१ च्या कवितेपर्यंत आणले होते. शरदातला वारा छपराचे गवत उडवून नेतो, गावातली पोरे ते डोळ्यांदेखत पळवतात, म्हातारा कवी घसा कोरडा पडेपर्यंत ओरडून काठी टेकत परततो. रात्री पाऊस, लोखंडासारखी थंडगार गोधडी, तीही मुलाने लाथा मारून फाडलेली. एवढे झाल्यावर त्याला हवे असते ते हजारो खोल्यांचे एक प्रचंड घर, ज्यात जगातले सगळे गरीब विद्वान कोरडे राहतील; तसे घर दिसले तर आपली झोपडी मोडून आपण गारठून मेलो तरी चालेल, असे तो म्हणतो. दर जूनमध्ये पत्र्यावर निळी ताडपत्री बांधणाऱ्या मुंबईत या कवितेला टिपांची गरज भासली नाही, आणि वक्त्यांनीही त्या दिल्या नाहीत.

माझी मुख्य तक्रार रचनातंत्राबद्दल आहे. दू फूची करुणा इतकी सांगितली गेली की तो किती कसबी कारागीर होता हे झाकले गेले. आठ ओळींच्या नियमबद्ध कवितेत प्रत्येक ओळीत पाच किंवा सात अक्षरे असतात, आणि मधल्या दोन जोड्यांत नामासमोर नाम, क्रियेसमोर क्रिया, संख्येसमोर संख्या ठेवावी लागते. बंडखोरांच्या ताब्यातील चांगआनमध्ये ७५७ साली लिहिलेल्या वसंताच्या कवितेत युद्धाच्या धुन्या सलग तीन महिने पेटलेल्या आहेत आणि घरच्या पत्राचे मोल दहा हजार सुवर्ण आहे. इथे तीनसमोर दहा हजार बसवल्यामुळेच पत्राची ओढ कळते. मोरोपंतांच्या आर्या ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना हे समजायला पंधरा मिनिटे पुरली असती. ती न दिल्यामुळे यांगत्से नदीकाठच्या क्वेइजोउमधील वर्षांवर, म्हणजे ७६६ ते ७६८ या काळावर, अन्याय झाला: तिथे त्याने सुमारे चारशे कविता लिहिल्या, शरदावरील आठ कवितांची मालिका त्यांतलीच, आणि ती सगळी शेवटच्या संध्याकाळी, ७७० मध्ये हूनान प्रांतात प्रवासात आलेल्या मृत्यूसोबत, घाईघाईने उरकली गेली.

सोयींविषयी थोडक्यात. फी माफक आहे. चिनी नावांचे देवनागरी उच्चार आणि प्रवासाचा नकाशा असलेली छापील पाने दिली जातात, ती जपून ठेवावीत अशी आहेत. सभागृह तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. श्रोत्यांत ज्येष्ठांची संख्या पाहता आयोजकांनी याचा विचार करायला हवा. प्रश्नोत्तरांच्या वेळेत काही श्रोते प्रश्नाऐवजी स्वतःचेच व्याख्यान देतात, त्यांना आवरणारे कोणी नव्हते. शेवटचा अर्धा तास सोडून लोकल पकडली तरी फारसे बुडणार नाही. पुढच्या खेपेस हाच अर्धा तास क्वेइजोउच्या कवितांना दिला, तर मी पुन्हा नाव नोंदवीन.