आठ दिशांची जॉयस्टिक चार दिशांची करणारं सर्किट: सात महिन्यांचा अनुभव

माझ्या आर्केड पेटीवरची जॉयस्टिक आठ दिशांची. मारामारीच्या गेमना तशीच हवी. पण १९८०चा 'पॅक-मॅन' आणि १९८१चा 'डाँकी काँग' चार दिशांच्या स्टिकवर खेळायचे गेम. स्टिक कोपऱ्यात गेली की दोन मायक्रोस्विच (प्रत्येक दिशेचं छोटं बटण) एकदम दाबले जातात, वळण हुकतं आणि पॅक-मॅन थेट भुताच्या तोंडी. दर वेळी पेटी उघडून खालचं गेट, म्हणजे स्टिक कुठे जाऊ शकते ते ठरवणारी चौकट, फिरवायचा कंटाळा आला, म्हणून स्टिक आणि एन्कोडर (स्विचचे इशारे गेमपर्यंत पोचवणारा बोर्ड) यांच्या मध्ये बसणारं सर्किट केलं.

चार तारा आत, चार बाहेर, म्हणजे आठ पिना. त्यामुळे घरात पडलेला एटीटायनी८५ हा प्रोग्राम करता येणारा छोटा चिप बाद, त्याला एकूण पायच आठ आणि त्यातले दोन विजेला जातात. चौदा पायांचा एटीटायनी८४ घेतला. बाहेरच्या पिना मी कधीच 'हाय' करत नाही, म्हणजे त्यांवर व्होल्टेज देत नाही. दिशा दाबली की पिन ग्राउंडला ओढायची, सोडली की इनपुट करून मोकळी ठेवायची. एन्कोडरला तो साधा स्विचच वाटतो. सोल्डरिंग एका दुपारचं काम.

डोकं खाल्लं ते एका नियमाने: दोन दिशा एकदम आल्या तर कोणती पुढे पाठवायची? मी 'नवी जिंकेल' ठरवलं. पॅक-मॅनला हेच हवं, कारण वळणाआधीच हात वर जायला लागतो. तरी तो मधूनच मूळ दिशेला परत वळायचा. दोन आठवडे मी स्वतःच्या हातालाच दोष देत होतो. मग कळलं, उजवीकडून वर वळताना काठावर आलेला उजवा स्विच थरथरत क्षणभर सुटायचा, पुन्हा लागायचा आणि 'नवा' ठरायचा! आता दाबलेलं लगेच मानतो, पण सुटलेलं १० मिलिसेकंद सलग सुटलेलं राहिलं तरच. दाबण्यात उशीर नाही, त्यामुळे खेळताना काही जाणवत नाही.

डाँकी काँगला मात्र हा नियम चालत नाही. शिडी चढताना हात जरा उजवीकडे कलला की मारिओ जागीच थांबतो. तिथे 'जुनी टिकेल' बरी, फक्त शिडीखाली पोचल्यावर स्टिक एकदा मध्यावर आणायची सवय लागते. म्हणून तीन स्थितींचा टॉगल लावला: नवी, जुनी आणि जसंच्या तसं.

तक्रारी आहेत. गेट तेच असल्यामुळे हाताला कोपरे अजून लागतात. खऱ्या चार दिशांच्या स्टिकसारखं हात आपोआप सरळ जात नाही. पाचव्या महिन्यात खालचा मायक्रोस्विच गेला. तो बरेच दिवस आचके देत असणार, माझ्या त्या १० मिलिसेकंदांनी ते झाकून ठेवलं.

आणि टॉगल परत फिरवायला मी हमखास विसरतो. मारामारीच्या गेममध्ये तिरकी उडी काही केल्या बसेना, की मग आठवतं.