चालायचंय ना, मग खुर्ची कशाला शिकता?

अपघातात माझ्या नवऱ्याच्या मज्जारज्जूला डी-४ च्या (छातीच्या चौथ्या मणक्याच्या) पातळीवर इजा झाली. हात शाबूत राहिले, पण छातीपासून खाली ना स्पर्श कळत, ना काही हलत. घरी सोडताना कागदावर 'ग्रेड ए' लिहून दिलं होतं. ए ते ई अशा पाच श्रेणी असतात. ए म्हणजे पूर्ण इजा, अगदी गुदद्वाराशीसुद्धा संवेदना नाही. असा कागद हातात असलेल्या घरांवर कोण कसं टपून असतं, ते आमच्यासारख्यांना वेळेत कळावं म्हणून लिहितेय.

तेव्हा आमची खरी शिकवणी चालू होती. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणाऱ्या) ताई पलंगावरच पँट चढवायला शिकवत होत्या: पाय हाताने उचलून पायजम्यात घालायचे, मग एका कुशीवर वळून एक बाजू वर ओढायची, दुसऱ्या कुशीवर वळून दुसरी. पोटाचे स्नायू साथ देत नसल्याने बसल्या बसल्या तोल जातो, म्हणून हे सगळं आडवं पडूनच. ट्रान्स्फर बोर्डावरून, म्हणजे गुळगुळीत फळीवरून, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत सरकणं, दर चार ते सहा तासांनी स्वतः कॅथेटर (लघवीची नळी) घालणं, आरशात बघून पाठीची आणि टाचांची कातडी तपासणं, खुर्चीत थोड्या थोड्या वेळाने पुढे झुकून बुडावरचा भार काढणं. कंटाळवाणं काम. मी मदतीला हात पुढे केला की ताई मला रागवायच्या. त्यांचं म्हणणं, तुम्ही केलंत की त्यांचं शिकणं थांबलं.

त्याच सुमारास एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलाला अशीच इजा, एका 'नर्व्ह रिकव्हरी' सेंटरमुळे तो आता उभा राहतो, वगैरे. (त्यांना प्रत्येक पेशंटमागे कमिशन मिळतं, हे फार उशिरा कळलं.) सेंटरचा माणूस घरी आला. मला ताई, नवऱ्याला दादा. मोबाईलवर त्याने एक बातमी दाखवली, आणि ती बातमी खरी होती! स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी २०२२ मध्ये पूर्ण इजेच्या तीन पुरुषांना विद्युत उत्तेजनाच्या साहाय्याने पावलं टाकायला लावली होती. त्याने एवढंच सांगितलं नाही, की तिथे ऑपरेशन करून इलेक्ट्रोड मज्जारज्जूलगत बसवले होते, आणि चालताना आधार लागतच होता. हा विकत होता तो कातडीवर पट्ट्या चिकटवायचा डबा. मग ते वाक्य आलं: "दादा, चालायचंय ना तुम्हाला? मग खुर्ची कशाला शिकता? शरीराला खुर्चीची सवय लागली की नसा झोपतात."

असं काही नसतं. पण घरात सगळ्यांना हेच ऐकायचं होतं. पॅकेजचे पैसे आगाऊ भरले. ताईंचं येणं बंद केलं, कारण 'दोन उपचार एकत्र चालत नाहीत'. वेळ वाचावा म्हणून कायमचा कॅथेटर आणि युरीन बॅग लावली.

प्रगती कशी दाखवायचे बघा. तळव्याला टिचकी मारली की पाय झटक्यात आखडायचा. लगेच टाळ्या, लगेच व्हिडिओ. इजेच्या खालचा मज्जारज्जू मेलेला नसतो; त्याचा फक्त मेंदूशी संबंध तुटलेला असतो. त्यामुळे स्पर्शाला उत्तर म्हणून पाय आपोआप उडतो, ती प्रतिक्षिप्त क्रिया. इजेचा सुरुवातीचा धक्का ओसरल्यावर असे झटके बहुतेकांना सुरू होतात, मशीन लावा किंवा लावू नका. नंतर एका डॉक्टरांनी नवऱ्याला डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, "मी आता हात लावला का? कुठे?" पाय दोनदा उडाला, आणि त्याला एकदाही कळलं नाही. एवढी साधी परीक्षा त्या सेंटरवर कोणी कधी घेतली नाही.

ज्या दिवसाने आमचा तिथला मुक्काम संपवला तो सांगते. मशीन चालू असताना नवऱ्याचं डोकं ठणकायला लागलं, चेहरा लालभडक, कपाळावर घाम, आणि खाली मांड्यांवर काटा. तो माणूस म्हणाला, "शक्ती वर चढतेय, थांबवू नका." ताईंनी सुरुवातीलाच एक कार्ड दिलं होतं: डी-६ किंवा त्याच्या वर इजा असेल तर इजेच्या खाली काही टोचलं, तुंबलं, आखडलं की रक्तदाब एकदम चढू शकतो, जिवावर बेतू शकतं. उठून बसवा, कपडे सैल करा, कारण शोधा. पहिला संशय लघवीवर, मग पोटावर. मी पट्ट्या ओढून काढल्या, त्याला बसतं केलं. कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडली होती. सरळ केली तशी बॅग भराभर भरली आणि डोक्याचा ठणका उतरला. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया हे त्याचं नाव. ज्याला ते ओळखता येत नाही त्याच्या हाती हा पेशंट देऊ नये, मग बाकी तो काहीही बोलो.

घरी येऊन पालथं केलं तर माकडहाडावर लाल चट्टा. बोटाने दाबला तरी पांढरा होईना. त्या कडक टेबलावर तासन्‌तास उताणं झोपवल्याचा परिणाम. त्या बेडसोरपायी पुढचे कित्येक आठवडे खुर्ची बंद आणि पँट चढवण्याचा सरावही बंद.

तरी त्यांचे फोन थांबेनात. आता 'स्टेम सेल'चं इंजेक्शन, थेट पाठीच्या कण्यात. अशा प्रयोगांनंतर काय होऊ शकतं त्याची नोंद आहे: नाकातल्या पेशी मज्जारज्जूत बसवलेल्या एका बाईला आठ वर्षांनी तिथेच गाठ झाल्याचं डॉक्टरांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. खऱ्या चाचणीत प्रायोगिक उपचाराचे पैसे सहसा पेशंटकडून घेत नाहीत, नीतिसमितीची मंजुरी असते आणि धोके लेखी दिलेले असतात. मी मंजुरीचा कागद मागितला. फोन कट.

आणि ते तुम्हाला कधी गाठतात तेही बघा: पहिल्या काही महिन्यांत. थोडीफार सुधारणा आपोआप व्हायची असेल तर ती बहुतेक याच काळात होते, आणि तिचं श्रेय घ्यायला हे तयारच असतात. म्हणून पैसे भरण्याआधी बाहेरच्या डॉक्टरांकडून टाचणी आणि कापसाची पूर्ण तपासणी करून ती लिहून घ्या, आणि तीच तपासणी पुन्हा त्याच बाहेरच्या डॉक्टरांकडून करून घ्या.

आमचे पैसे परत आलेले नाहीत. पावतीवर 'मसाज सेवा' असं लिहिलंय, त्यामुळे तक्रार रखडली आहे. नवऱ्याच्या पायाचा व्हिडिओ मात्र त्यांच्या जाहिरातीत फिरतोय, 'रुग्णाच्या पायात जान आली' म्हणून. नडगीवरच्या जुन्या व्रणावरून मी ओळखला. तोही तक्रारीला जोडलाय.