दांडीचे बूट, अकरा महिने : पट्टा तुटला त्यानंतरचं

दांडीचे बूट म्हणजे एका दांडीला जोडलेले दोन बूट, प्लास्टरनं सरळ केलेला बाळाचा पाय सरळ ठेवण्यासाठी. ज्यांच्या बाळाला ते लिहून दिलेत त्यांना माहीत आहेत, म्हणून जास्त वर्णन करत नाही. माझ्या मुलाचा डावा पाय जन्मतःच आत वळलेला, क्लबफूट. नवव्या दिवशी पहिलं प्लास्टर, दर आठवड्याला नवं, अशी सहा. मग जागेवर भूल देऊन टाचेमागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू टाचेला बांधणारी कंडरा) कापली, तीन आठवडे शेवटचं प्लास्टर, आणि अडीच महिन्यांचा असताना बूट आले. पहिला जोड सरकारी दवाखान्यातून मोफत मिळाला. सहा महिन्यांनी बोटं तळव्याच्या कडेबाहेर आली तेव्हा दुकानातून पुढचं माप आणलं, २,२०० रुपयांना.

त्या २,२०० रुपयांच्या बुटाचा घोट्यावरचा पट्टा दोन महिन्यांत फाटला. रेक्झिनचा पट्टा, आतून कापडाचा थर नाही, बकलचा काटा रोज ओढून ओढून भोकं लांब झाली आणि एका रात्री चिरत गेली. बाकी बूट उत्तम आहे. तळवा भक्कम, दांडीचे स्क्रू अजून ढिले झालेले नाहीत. पण सगळा बूट ज्या एका पट्टीच्या जिवावर उभा आहे तीच त्यांनी सगळ्यात हलकी लावली. टाच खाली दाबून धरायचं काम नाडीचं नाही, या पट्ट्याचंच असतं. दुकानदार म्हणाला, "पट्टा सुटा मिळत नाही ताई, जोडच घ्या." मी ऐकलं नाही. पट्ट्यासाठी परत २,२०० द्यायचे? आठवडाभर फोन, मग वाद, मग कंपनीला फोन. अठरा दिवस गेले. या अठरा दिवसांत बाळ रात्री मोकळ्या पायांनी झोपलं, आणि पाय मला अगदी सरळ दिसत होता.

शेवटी मंडईजवळच्या चप्पलवाल्या काकांनी चामड्याचा पट्टा आणि दप्तराचं बकल शिवून दिलं. ४० रुपये. त्यांनी आत दुहेरी शिवण घातली, आजही तशीच आहे.

तेव्हाच लिहायला बसले असते तर बुटाला एक तारा दिला असता. कारण नव्या पट्ट्यानंतरही टाच बसेना. मागच्या भोकातून टाच दिसायला हवी, ती वर सरकलेली. रडारड, घोट्याला लाल चट्टा. मला वाटलं, पट्टा काकांनी वर लावला, किंवा बूटच वाकडा. बुटाशी आणखी चार रात्री झुंजले. मग डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाऊल हातात घेऊन गुडघ्याकडे वर वळवून पाहिलं आणि म्हणाले, बूट ठीक आहे, शीर परत आखडली आहे. पुन्हा दोन प्लास्टर घालावी लागली.

म्हणून आता मत बदललं आहे. टाच बसत नसेल तर बुटाला दोष देत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर चार वर्षांचा होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेला, हे तास उगाच ठरवलेले नाहीत. पाय सरळ करतं ते प्लास्टर, पण सरळ ठेवतात ते बूट. ही पद्धत आयोवा विद्यापीठातल्या डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांची. पाय परत आत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण बूट नियमित न घालणं, हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मी ते फक्त आळशी आईबापांसाठी असेल असं धरून चालले.

लाल चट्ट्याबद्दल : मी खोबरेल लावत होते. लावू नका, कातडी मऊ होऊन जास्त सोलते. टाचेमागे फोड आला तर बहुतेक वेळा बूट सैल बांधलेला असतो, घट्ट नव्हे. हे कळायला मला तीन महिने लागले, तोवर रडतो म्हणून मी पट्टा एक भोक सैलच ठेवत होते. सुती मोजा, आधी पट्टा आणि मग नाडी, एवढं पुरतं. पहिल्या आठवड्यातलं रडणं दोन्ही पाय एकत्र हलवायची सवय नसल्याचं असतं. दांडी धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, सरळ करायचे, खेळासारखं. पाचव्या दिवशी तो स्वतः दांडी आपटून हसायला लागला. त्या खटखटीनं मला रडू आलं होतं.

मालीशवाल्या मावशी म्हणाल्या होत्या, तेल लावून ओढते, सव्वा महिन्यात सरळ. आत्यासासूबाईंनी ग्रहणाचं काढलं. दोघींच्या नादात नऊ दिवसांऐवजी नऊ महिने गेले असते. बाळाचं पाऊल आत वळलेलं असेल पण बोटानं हलकेच दाबलं की सहज सरळ होत असेल, तर ते बहुधा पोटातल्या अवघडलेपणामुळे. कडक असेल, सरळ होत नसेल, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट आहे, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात विचारा, पैसे लागत नाहीत.

शेजारची ताई तिच्या तीन वर्षांच्या मुलीचे सपाट तळवे दाखवून हेच बूट घेऊ का विचारत होती. नको. त्या वयात तळव्याला कमान नसतेच म्हणा, पाच-सहा वर्षांपर्यंत ती येते. चवड्यावर उभी केल्यावर कमान दिसली, दुखत नसेल, तर अनवाणी खेळू द्या. दुखत असेल, पाऊल ताठ असेल, एकच पाय तसा असेल किंवा लंगडत असेल तर दाखवायचं.

परवा पुढचं माप घ्यायला गेले. दुकानात सगळ्यात आधी पट्टा उलटा करून आतली शिवण पाहिली, तोच रेक्झिन. जोड घेतला, कारण पाय थांबत नाही, आणि तिथूनच तडक काकांकडे नेऊन दोन्ही पट्टे चामड्याचे करून घेतले. एक जादा शिवून घेतला, तो दप्तराच्या बकलसकट औषधांच्या डब्यात ठेवला आहे.