मीटर बारा व्होल्ट दाखवतो, इंजिन मात्र हलत नाही: नौपाड्यातील एका दुरुस्ती सेवेचा अनुभव

माझ्याकडे आठ बाय चार फुटांच्या प्लायवर एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणाची आणि १६.५ मिलिमीटर गेजची मॉडेल रेल्वे आहे. यंदाचा पावसाळा सरता सरता, रुळांतून इंजिनाला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरपासून सर्वांत दूरच्या वळणावर इंजिन रेंगाळू लागले आणि पुढे तिथेच थांबू लागले. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, चाके साफ केली, तरी फरक पडेना. मल्टीमीटर मात्र त्या वळणावरही १२ व्होल्ट दाखवी. शेवटी ठाण्याच्या नौपाड्यात ॲम्प्लिफायर आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या दुकानातील कारागिरांना घरी बोलावले.

त्यांनी माझ्या मीटरवर विश्वास ठेवला नाही, हीच त्यांची पहिली हुशारी. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे रुळांचा सांधा कितीही खराब असला तरी त्याला व्होल्टेज पूर्णच दिसते, असे सांगून त्यांनी पिशवीतून स्कूटरचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब काढला. हा बल्ब सुमारे ०.४ अँपिअर, म्हणजे साधारण माझ्या इंजिनाइतकाच प्रवाह घेतो. तो रुळांवर टेकवताच बाराचे सात झाले. मग बल्ब पेटता ठेवून त्यांनी प्रत्येक सांध्याच्या अलीकडे-पलीकडे त्याच रुळावर मीटरच्या दोन्ही पिना टेकवल्या. चांगल्या सांध्यावर आकडा शून्याच्या आसपास राही. एका सांध्यावर मात्र १.९ आणि पुढच्यावर २.४ व्होल्ट निघाले, म्हणजे तेवढे तिथेच वाया जात होते. या पुढच्या सांध्यावरची, रुळांची टोके जोडणारी जोडपट्टी ओढून काढली तेव्हा ती आतून पार काळवंडलेली होती. ठाण्याच्या दमट हवेत दुसरे काय होणार! प्रवाहासाठी सांध्यांवर विसंबूच नये, असे सांगून त्यांनी प्लायखालून जाड तारेची जोडी फिरवली आणि साधारण दर मीटरला तिच्यापासून रुळांना बारीक तारा सोल्डर केल्या. काम नेटके झाले, पण सगळ्या तारा लालच वापरल्यामुळे कोणती कुठल्या रुळाची, हे मला नंतर चिकटपट्ट्या लावून नोंदवावे लागले.

पुढच्या खेपेचा अनुभव तितकासा चांगला नव्हता. गाडी उलट दिशेने परतावी म्हणून मी जोडलेला रुळांचा नवा फास शॉर्ट होऊ लागला, तेव्हा त्यांनी कंट्रोलरच सदोष ठरवून तो चार दिवस दुकानात ठेवून घेतला. वास्तविक अशा फासात डावा रूळ फिरून उजव्याला येऊन मिळतो. त्यामुळे फासाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांतला प्रवाह प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्यांनी तोडून आतल्या भागाला प्रवाहाची दिशा बदलणारा वेगळा स्विच द्यावा लागतो. हे शेवटी माझे मलाच करावे लागले.

दोष शोधण्यासाठी मी त्यांना पुन्हा बोलावीन, आखणीसाठी नाही. घरी येण्याचे सातशे रुपये, तारांचे वेगळे. फोनवर मात्र ‘खेळण्यातली रेल्वे’ म्हणू नका, ‘बारा व्होल्ट डीसीचे वायरिंग’ म्हणा. पहिल्या वेळी त्यांनी हसून फोन ठेवला होता.