सीटखालचा पिवळा कनेक्टर आणि माझा नवा स्कॅनर

गाडी आतून साफ करताना ड्रायव्हरची सीट पार पुढे-मागे सरकवली आणि दुसऱ्या दिवशी एअरबॅगचा दिवा लागला तो विझेचना. जुना स्कॅनर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र) फक्त इंजिनचे कोड वाचतो, एअरबॅगचं युनिट त्याला दिसतच नाही. म्हणून एसआरएस (एअरबॅगची यंत्रणा) वाचणारा हा नवा घेतला. त्याने सरळ सांगितलं: ड्रायव्हरकडची साइड एअरबॅग, रेझिस्टन्स जास्त. या सर्किटचा रेझिस्टन्स जेमतेम २-३ ओहम, त्यामुळे पिन जराशी सैल झाली तरी युनिट कुरकुरतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून १० मिनिटं थांबलो (कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, घाई नको). मग सीटखालचा, या एअरबॅगच्या वायरचा पिवळा कनेक्टर काढून 'टक' आवाज येईपर्यंत पुन्हा बसवला. एअरबॅगला मल्टिमीटर मात्र चुकूनही लावू नका, तेवढ्या करंटनेही ती फुटू शकते. कोड पुसला, दिवा गेला. महिना झाला, परत आलेला नाही.

स्कॅनरची केबल फारच आखूड आहे. आणि उन्हात स्क्रीन वाचायची तर डोक्यावर टॉवेल घ्यावा लागतो, मी घेतला.